कुशीवर वळवताना

२ फेब्रुवारी
अमरावतीहून दादाचा फोन. आईच्या पाठीवर जखम झालीय. खुब्याचं हाड मोडल्यापासून पाच आठवडे अंथरुणावर, दुसरं काय होणार. वहिनीला व्हिडिओवर सांगत बसले, दर दोन तासांनी कूस बदला, टाचेखाली उशी द्या. शेवटी ती म्हणाली, "ताई, फोनवरून वळवता आलं असतं तर तुम्हीच वळवलं असतं." राग आला. पण बरोबर आहे तिचं.

५ फेब्रु.
कॉलेजात नेमका हाच धडा, पेशंटला कुशीवर वळवणं. अमेरिकेत नवऱ्याच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणून दहा वर्षं घरी बसले, मग दोन वर्षं नर्सिंगची वेटिंग लिस्ट. आता त्रेचाळिसाव्या वर्षी विशीतल्या पोरींबरोबर प्लास्टिकचा बाहुला वळवतेय. मेला आईपेक्षा जड आहे.
अविनाशला विचारलं, पंधरा दिवस जाऊन येऊ का? तो लॅपटॉपमधून मान वर न करता, "हॉस्पिटलच्या दोन ड्यूट्या मिस झाल्या की सेमिस्टर गेलं ना? मग?" मी भाजी फोडणीला टाकली.

९ फेब्रु.
प्रॅक्टिकलला नापास.
प्रोफेसर बाई स्वतःच पेशंट होऊन कॉटवर झोपल्या होत्या. आधी नाव आणि जन्मतारीख विचारायची, मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायची, मगच हात लावायचा. साठीच्या बाई, त्यात आपल्या शिक्षिका, त्यांना नाव-वय कुठल्या तोंडाने विचारू? जीभच रेटेना. वळवलं मात्र सुरेख. त्या तशाच कुशीवर पडून म्हणाल्या, वळवलंस छान, पण कुणाला वळवलंस ते तुला माहीत नाही.
आता एकच संधी, सतरा तारखेला. तीही गेली तर कोर्सबाहेर.
येताना ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून मेथी घेतली आणि पार्किंगमध्ये बसून रडले.

११ फेब्रु.
लिहू नये, पण लिहिते. नापास झाले तर जाता येईल. रजा नको, अविनाशशी वाद नको. विमानात बसायचं, तिसऱ्या दिवशी आईच्या खोलीत. तिचे केस विंचरायचे, नखं काढायची, नुसतं पायाशी बसायचं.
परवा बाईंना विचारायला खरंच जीभ रेटली नाही, की मलाच रेटायची नव्हती?
मला आईकडे जायचंय.

१४ फेब्रु.
ईराला सोफ्यावर झोपवून सराव. नाव विचारलं तर म्हणते, "मम्मा, यू नेम्ड मी." खूप हसलो. मग तशीच पडल्या पडल्या, "आर यू गोइंग टू सी आजी?"
म्हटलं, "आधी परीक्षा होऊ दे."
"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड."
सोळा वर्षांची आहे. कुणावर गेलीय कोण जाणे.

१७ फेब्रु.
पास. बाईंच्या नजरेला नजर न देता विचारलं, पण विचारलं. नाव, तारीख, पट्टी, सगळं. एखादी चूक करावी असं कॉटपाशी उभं राहूनही मनात आलं होतं. हातांनी ऐकलं नाही.
संध्याकाळी आईला फोन. पास झाले म्हटल्यावर म्हणाली, "शाबास. आता कधी येतेस?"
इथे आल्यापासून एकदाही विचारलं नव्हतं तिने हे.
"मे महिन्यात. सेमिस्टर संपलं की लगेच."
"बरं," म्हणाली. मग तिकडे वहिनीला विचारताना ऐकू आलं, "मे म्हणजे अजून किती दिवस गं?"
वहिनी काही बोलायच्या आत मी फोन ठेवला.