आवाज बंद करून बघ

रत्नागिरी,
१९ नोव्हेंबर २०२५

चि. सानवी,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या बाबांचा गुडघा थंडीची वाट बघतोय, म्हणजे दुखायला त्याला निमित्त मिळेल. आंब्याला अजून मोहोर नाही. आजीला, माझ्या आईला, जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. श्राद्ध करणार नाही हे मी भावकीला कळवलं, त्यावर दोन चुलतभावांनी बोलणं टाकलं आणि माझ्या दुपारी मोकळ्या झाल्या. त्या दिवशी आपण घरचेच जमू, जेवू आणि तू गोळा केलेले आजीचे व्हिडिओ बघू.

तू म्हणालीस, "आई, आजीवर दोन पानं लिहून दे. तुझ्यासारखं कोण बोलणार?" लिहायला बसले आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर माझा आवाज मला सावरून घेतो. जन्मभर सभा गाजवल्याचा हा तोटा.

तर आजी. शिमग्यात आबांचा सदरा आणि टोपी घालून स्वतःच्याच दारात उभी राहायची आणि "घरमालकीण कुठंय? वॉरंट आहे," म्हणत पोस्त मागायची. बदाम सात खेळताना सत्ती मांडीखाली दडपायची आणि वर "मना काय ठावं?" तोंडात बोटं घालून शिट्टी मारायला तुला तिनेच शिकवलं, तेही बाहेरच्या खोलीत माझी बैठक चालू असताना. शेवटी शेवटी ती सगळ्यांनाच "राजा" म्हणायची. तू राजा, तुझा भाऊ सर्वेश राजा, नारळ पाडायला येणारा काशीरामही राजा. तो बिचारा लाजून माडावरच जास्त वेळ बसायचा.

इथे सही करून पाकीट बंद केलं असतं, तर तुझं काम झालं असतं.

पण तू पाठवलेला तुझ्या लग्नातला व्हिडिओ मी बघितला. पंगत बसली आहे. बायका आजीच्या मागे लागल्या आहेत, "गोदाकाकी, नाव घे गो." आजी उभी राहते, पदर सावरते. "फणसाला बाहेरून काटे, आत गोड गरे..." आणि थांबते. मग हात उडवून म्हणते, "आता नाव तुमीच घ्या गो. माझं घेऊन घेऊन झिजलंय." मांडव ओरडतो, "महिपतराव!" ती थाटात पुरं करते, "महिपतराव बोलतात कडू, पण मनाचे खरे." समोर जेवणारे आबा ठसका लागेपर्यंत हसले.

तोच व्हिडिओ आवाज बंद करून बघ.

हशा नसला की दिसतं. "गरे" म्हटल्यावर तिची नजर एकेका चेहऱ्यावरून जाते, अंधारात भिंत चाचपत जावं तशी. आबांवर येते, थांबते, आणि रिकामी पुढे जाते. माणूस ओळखीचा आहे, नाव नाही. त्यानंतर विनोद येतो. पंगत उठल्यावर हात धुताना तिने मला हळूच विचारलं होतं, "त्या टोपीवाल्यांचं नाव काय गो?" मी हसले. तीही हसली. चार वर्षांनी डॉक्टरांनी आपल्याला जे सांगितलं, ते तिला त्या मांडवातच कळलं होतं. आणि ते "राजा"? लाड होतेच, ते खोटे नव्हते. फक्त नावं संपली होती.

आता जे लिहायचं टाळत होते ते.

गेल्या महिन्यात देवरूखजवळच्या एका वाडीत सभा होती. एका सुनेवर करणीचा आळ आला होता. भगताने नाव काढलं आणि घराने ते मानलं. मी तापले होते. मला एकच शब्द म्हणायचा होता, ज्यावर माझी सगळी भाषणं उभी आहेत. आणि तो नव्हता. विसरलेला शब्द जिभेवर घोळत तरी असतो. इथे विहिरीत कळशी सोडावी आणि पाणी लागल्याचा आवाजच येऊ नये, तसं झालं. मी माइक धरला आणि म्हणाले, "मी तीच वस्तू मागते आहे, जी न्यायाधीश आधी मागतो आणि सासू कधीच मागत नाही."

हशा पिकला. मागून एक म्हातारा ओरडला, "पुरावा हो बाई, पुरावा." मी म्हणाले, "बरोबर." जणू परीक्षा त्याची होती. गाडीत तुझे बाबा म्हणाले, "आज काय रंगात होतीस."

एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये, हे मीच गावोगाव सांगते. म्हणून वाट बघितली. परवा वाण्याकडे आमसुलं आठवेनात. जन्म रत्नागिरीत गेला आणि आमसुलं आठवेनात. "सोलकढीचा बाप द्या," म्हणाले. वाणी हसला आणि पुडी बांधली.

त्या सभेचं कुणीतरी चित्रण केलं होतं. काल तेही आवाज बंद करून बघितलं. सानवी, ते डोळे माझे नाहीत. तिचे आहेत.

भगताकडे जाऊ नका, डॉक्टरकडे जा, खरं कळल्याने कुणी मरत नाही, असं मी किती आयाबायांना दरडावून सांगितलं. आणि मी डॉक्टरांचा नंबर लावते, पलीकडून "हॅलो" आलं की ठेवून देते. मला कळून घ्यायचं नाही. काल आजीच्या देव्हाऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. काही मागितलं नाही. पण उभी राहिले, हे तुला सांगते.

भीती माझ्यापुरतीच असती तर गिळली असती. आधी आजी, मग मी. पुढचं नाव मी लिहीत नाही.

आज शेवटी बोलले. पुढच्या मंगळवारी कोल्हापूरला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. बाबांना सांगितलेलं नाही. तू ठाण्याहून आलीस की दोघी मिळून सांगू. "येते" एवढंच कळव. समजूत घालू नकोस. समजुती घालण्यातच माझं आयुष्य गेलं आहे, त्यातली प्रत्येक खुबी मला ओळखू येते.

आणि यापुढे मी शब्दाच्या जागी विनोद ठेवला, तर हसू नकोस, कितीही चांगला असला तरी. आपण सगळे हसत राहिलो, म्हणून ती त्यात एकटीच राहिली. तू थांब, माझ्याकडे बघ आणि विचार, "आई, शब्द कुठला?" मी चिडेन, चारचौघांत तुला टाकून बोलेन. तरी विचार.

तुझ्यासमोर पहिल्यांदाच घाबरलेली,
आई