आधी देवघर, मग स्वयंपाकघर

॥ श्री ॥

परभणी,
दि. १२ नोव्हेंबर २०२५

चि. बन्सीधर यास दाजींचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझे कान गेल्यापासून फोनचा काही उपयोग राहिला नाही, तेव्हा आपला पत्राचाच रस्ता बरा. जन्मभर चुडाव्याच्या पोस्टात लोकांची पत्रं वाटली, आता आपलीही कुणीतरी वाटावीत.

तुझ्या आक्काचं हृदय अशक्त झालंय. डॉक्टरांनी वाकून झाडायला-पुसायला साफ मनाई केलीय, पण ती ऐकेल तर शपथ! कामाला बाई लावली, तर ही तिच्या मागून फिरून पुन्हा झाडायची. बाई कंटाळून गेली. मी झाडू घेतला, तर मी नुसता कचरा इकडचा तिकडं करतो म्हणून हिसकावून घेतला. चाळीस वर्षं संसार केला, पण या बाईला खाली बसवायचा इलाज मला सापडला नाही.

दिवाळीला हरिओम पुण्याहून एक यंत्र घेऊन आला. परातीएवढं गोल, आपलं आपण घरभर फिरून झाडतं आणि ओल्या फडक्यानं पुसतंही. पसंत पडलं नाही तर संक्रांतीच्या आत परत करता येतं म्हणे. पारख करायचं काम पोरानं माझ्यावर टाकलंय. आक्कानं त्याचं नाव कासव ठेवलं. पहिल्याच दिवशी ते खुर्चीपाशी येऊन माझ्या पायाला धडकलं, तेव्हा ती लय हसली. म्हणाली की पाय वर घ्या, पाय वर घ्या म्हणून ओरडण्यात माझा जन्म गेला, तरी या माणसानं पेपरातून डोकं वर काढलं नाही, आता हे मुकं कासव काय करणार बापडं.

सरजाबाईंना नमस्कार, पिंकीला आशीर्वाद. आहेस तसाच आमच्यावर जीव लावून राहा.

तुझा,
मुंजाजी


॥ श्री ॥

जिंतूर,
दि. २१ नोव्हेंबर २०२५

ती. दाजींस बन्सीधरचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. आमच्याकडची बातमी चांगली नाही. गेल्या आठवड्यात न्हाणीत पाय घसरला आणि माझं खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने खाट सोडायची नाही. आक्काला एकदम सांगू नका, सावकाश सांगा. नाही तर ती झाडू टाकून एसटीत बसायची.

सगळं आता सरजावर पडलंय. तिची कंबर आधीच धरलेली, त्यात माझं हे लोढणं. लेक पिंकी म्हणते की आत्याकडच्यासारखं यंत्र आपणही घेऊ. तुमचं कासव नीट काम करत असेल तर आमीही घ्यावं म्हणतो. पण खरं काय ते कळवा. हरिओमला वाईट वाटेल म्हणून गोड बोलू नका.

आक्काला ते पसंत पडेल असं मला तरी वाटत नाही. लहानपणी तिनं झाडलेल्या अंगणात मी पाय टाकला की पाठीत धपाटा बसायचा. कासवाला पाठ आहे का ते बघून ठेवा!

तुमी दोघं तब्येतीला जपा, आणि या खाटेवरच्या माणसाला विसरू नका.

आपला,
बन्सीधर


॥ श्री ॥

परभणी,
दि. ३ डिसेंबर २०२५

चि. बन्सीधर यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. आक्काला सांगितलं. आधी रडली, मग न्हाणीत दगडी फरशी घातली म्हणून तुलाच शिव्या दिल्या. थंडी सरली की मला घेऊन यायचं म्हणते.

आता यंत्राचं. खाटेखाली, कपाटाखाली आपला हात पोचत नाही तिथली धूळ ते बरोब्बर काढतं. आक्काचे केस, कापसाचा उडून आलेला पुंजका, सगळं गिळतं. पण कोपरे तसेच सोडतं. चपलेत अडकतं, चटईच्या दशा ओढतं आणि मग मदतीला या म्हणून केविलवाणं ओरडतं.

आमच्याकडं खरी भानगड झाली ती वेगळीच. आक्काचा झाडायचा क्रम तुला ठाऊक आहे. आधी देवघर, मग स्वयंपाकघर, मग माजघर, मग बैठक, आणि शेवट बाहेरच्या उंबऱ्याशी. कासवाला ना देव ना धर्म. बैठकीतलं खरकटं पुसून तेच फडकं घेऊन ते देवघरात शिरायला निघालं. आक्का दारात पाय आडवा घालून उभी राहिली. देवासमोर उष्टं फडकं फिरवणारी वस्तू घरात नको, म्हणाली. शेवटी मी हरिओमला फोन लावला. त्यानं पुण्यात बसून आपल्या फोनात आक्काचा क्रम घालून दिला. आता आमचा सकाळचा चहा झाला की कासव खाटेशेजारच्या आपल्या जागेवरून निघतं आणि मुकाट्यानं आधी देवघरात जातं. आक्का खूष झाली.

पण बन्सीधर, माझा उद्देश काही साधला नाही. ती आता कासवाच्या मागून ओलं फडकं घेऊन फिरते आणि त्यानं सोडलेले कोपरे पुसते. अडवलं तर म्हणते की त्या बिचाऱ्याला कोपरा गावत नाही, त्यानं तरी काय करावं. दम लागतो, भिंतीला टेकते, पुन्हा वाकते. मी नुसता बघत बसतो. मला स्वच्छ फरशी नको होती रे, मला ती बसलेली पाहिजे होती. तेव्हा घ्यावं की न घ्यावं हे आज मला सांगता येत नाही. अजून थोडे दिवस बघतो.

खुबा सांभाळ, सरजाबाईंचं ऐकत जा, आणि आमची आठवण काढत राहा.

तुझा,
मुंजाजी


जिंतूर,
दि. २२ डिसेंबर २०२५

ती. दाजींस बन्सीधरचा नमस्कार.

काय लिहू? आक्का गेली हे पिंकीनं माझ्या हातावर हात ठेवून सांगितलं. मला खाटेसकट गाडीत घाला पण परभणीला न्या म्हणून मी सगळ्यांच्या पाया पडलो. डॉक्टरांनी नाही म्हटलं आणि कुणीच ऐकलं नाही. माझ्या आईच्या ठिकाणी होती ती. तिचं तोंडसुद्धा मला बघायला मिळालं नाही.

दाजी, एकच विचारायचं आहे. ती जिथं गेली तिथं दिव्याजवळ पीठ पसरून टोपली पालथी घातली असेल. दुसऱ्या दिवशी पिठात काय उमटलं? गेलेलं माणूस ज्या जन्माला जातं त्याचं पाऊल दिसतं म्हणतात. आमची आई गेली तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा होतो. आक्कानं माझं बोट धरून मला चिमणीचं पाऊल दाखवलं होतं. आई आता आपल्या अंगणात येत जाईल म्हणाली होती. कैक दिवस मी चिमण्यांना दाणे टाकले.

पिंकीनं हरिओमला फोनवर विचारलं तर त्यानं फोनच ठेवून दिला. बाकीचेही टाळायलेत. काहीच दिसलं नसेल तरी चालेल, पण खरं कळवा. मला तेवढंच धरून बसता येईल.

तुमी जेवत जा. मी इथून दुसरं काय करणार?

आपला,
बन्सीधर


परभणी,
दि. ९ जानेवारी २०२६

चि. बन्सीधर यास आशीर्वाद.

तुझं पत्र रोज उशाशी घेऊन निजतो, पण उत्तर लिहायला आज बसलोय. तू खरं कळवा म्हणालास, तर खरंच लिहितो.

ती गेली दुपारी, जेवून जरा पडली होती तेव्हा. त्या सकाळीही तिनं कोपरे पुसले होते. आदल्या रात्रीपासून दम होता हे मला तिनं सांगितलं नाही.

चुडाव्याच्या माझ्या चुलतबहिणीनं खाटेजवळ ज्वारीचं पीठ पसरलं, भिंतीशी दिवा ठेवला आणि पिठावर टोपली घातली. शेजारीच कासवाची जागा. पण त्या गोंधळात कुणाच्या ध्यानात येणार? पुण्याहून आलेला हरिओम तर भानावर नव्हता. सकाळी बाया मागच्या दारी होत्या, माणसं बाहेर. मी एकटा खुर्चीत. रोजच्या वेळेला कासव निघालं. टोपली ढकलून बाजूला केली आणि पिठावरून गेलं. मला उठता आलं नाही बन्सीधर. बहीण आत धावत आली तोवर पीठ उरलंच नव्हतं. तिनं कपाळ बडवून घेतलं. हरिओम भिंतीला डोकं लावून रडला. म्हणून तुला कुणी सांगत नाही. पिठात पाऊल दिसलं नाही.

पण मी एक बघितलं. त्याच्या ओल्या फडक्याला पीठ चिकटलं होतं आणि मागं पांढरा पट्टा उमटत होता. खाटेपासून निघाला तो सरळ देवघरात गेला. तिथून स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्यापुढून. मग माजघर, मग बैठक, आणि पुसट होत होत उंबऱ्याशी थांबला. माणसाचं पाऊल नव्हतं, पाखराचं नव्हतं, पण वाट तुझ्या आक्काची होती. ती वाट हरिओमनं फोनात घातलेली, हे मला कळतं. कळूनही तुला सांगतोय.

हरिओम यंत्र फेकायला निघाला होता. पट्ट्याला आणि यंत्राला कुणी हात लावायचा नाही म्हणून मी सगळ्यांना बजावलं. ते मलाच भोवलं. दुसऱ्या सकाळी कासव पुन्हा निघालं आणि तिच्याच क्रमानं तो सगळा पट्टा पुसून आलं. आधी देवघरातला गेला. मी उंबऱ्याजवळ तेवढा पाय रोवून उभा राहिलो, तर ते वळसा घालून आलं आणि तोही पुसला.

सरजाबाईंना सांग, घेऊ नका. कोपरे राहतात, आणि त्याच्या मागून फिरायला घरात माणूस लागतं. हरिओम विचारत होता की संक्रांतीच्या आत परत करायचं का. मी नको म्हणालो. आता ते घरभर फिरतं आणि त्याचा कचऱ्याचा डबा रिकामाच निघतो. कोपऱ्यात मात्र धूळ साचायलीय. चहा झाला की मी खुर्चीत बसतो. ते देवघर करतं, स्वयंपाकघर करतं, माजघर करतं आणि मग माझ्याकडं येतं. ते पोचायच्या आधीच मी पेपर खाली ठेवतो आणि पाय वर घेतो.

खुबा बरा झाला की ये. आक्काच्या वाट्याचा जीव आता तूच मला लावायचा आहेस.

तुझा,
मुंजाजी