चौघांना गुंतवण्याबाबत खुलासा

ती. आत्यास,

लांबूनच वाकून नमस्कार. (दिवसभर टेबलावर ओणवी असते, त्यामुळे जास्तीचं वाकणं जमणार नाही, गोड मानून घे.) तुझा गुडघा आणि काकांचा खोकला, दोन्ही ताळ्यावर असतील.

बाबा इथे प्रयोगशाळेत आले आणि चहाही न घेता परत गेले. त्यांची बाजू तुझ्या कानावर आलीच असेल, आता माझी ऐक. फोनवर मी सहज म्हटलं होतं, की चौघांना एकत्र गुंतवताना जीव जातो आणि कुणी मध्येच पाहिलं की सगळं मोडतं. त्यांनी ते तुला सांगितलं आणि तू निदान केलंस, की पोरगी कुणाला तरी खोट्या प्रकरणात गुंतवतेय. अगं, ते चौघे म्हणजे प्रकाशाचे कण! स्फटिकात लेझर सोडला की कधीमधी कणांची जोडी निघते. अशा दोन जोड्या एकदम निघाल्या, त्यांतला एकेक कण एकाच काचेवर भेटला आणि कोण कुठून आला हे कळायला वावच उरला नाही, तर चौघे गुंततात. (आपल्या घरात अशक्य. कोण कुठून आला हे तू दारातच काढून घेतेस.) मग एकाला विचारावं, उभा की आडवा, उरलेले तिघे तेच उत्तर देतात, आधी काहीही न ठरवता.

कण मोजणारी यंत्रं नाजूक, म्हणून काम अंधारात. माझा सहकारी आणि मी एकच आरसा जुळवत होतो, तेवढ्यात बाबांनी दार उघडून "काय चाललंय इथे?" म्हणत सगळे दिवे लावले. एक यंत्र बंद पडलं आणि तीन यंत्रांत चौघे मोजता येत नाहीत. कामाचं राहू दे, पण बाबा माझा फोन उचलत नाहीत, याचं फार वाईट वाटतंय. अंधार कामासाठी होता, एवढं त्यांना पटवून दे.

तुझी भाची

ता. क. यंत्र बाबांच्या दिव्यांनी जळलं नव्हतं, वायर सुटली होती. बाबांना इतक्यात सांगू नकोस. जरा ओशाळलेले असले की ते ऐकून घेतात.

आणखी एक. अंधार कामासाठीच होता, पण दिवे लागले तेव्हा त्या सहकाऱ्याने माझा हात धरला होता, त्याचा आरशाशी काही संबंध नव्हता. चौघांचं अजून जमलेलं नाही, आत्या. आम्हा दोघांचं जमलंय. बाबांना तूच सांग, माझी छाती होत नाही.