सासरेबुवांच्या बोटीचं बूड

४ एप्रिल
बोट पाण्याबाहेर काढली! बुडाला शेवाळ, शिंपले, खाली जुन्या निळ्या रंगाचे थरावर थर. सासरेबुवा तिला थोपटत म्हणाले, "काय गं ही तुझी दशा!" सुनेशी कधी एवढं गोड बोलत नाहीत.

५ एप्रिल
बोटी दुरुस्त करायच्या यार्डाच्या बाईंनी नियम ऐकवले. बुडाच्या रंगात विष असतं, शिंपले चिकटू नयेत म्हणून. तेच पाण्यात गेलं की मासे मरतात. म्हणून खाली ताडपत्री, ओलं करूनच घासायचं, चुरा बंद डब्यात. पटलं.
पण पुढचं! बुडाला हात फक्त मालकाचा. गेल्या वर्षी कुणीकुणी येऊन घासलं आणि सगळा चुरा पाण्यात लोटला म्हणे. मदतनिसाने ताडपत्री धरायची, बादली द्यायची. जमत नसेल तर यार्डाची माणसं लावा.
"माझ्या बोटीला परके हात? त्यापेक्षा विकून टाकतो!" — सासरेबुवा. आणि ते बोलले की करतात.

७ एप्रिल
ते घासतायत, मी ताडपत्री धरून उभी. हात नुसते शिवशिवत होते!

९ एप्रिल
रंगाचा पहिला हात झाला. मान वाकडी करकरून रंगवत होते. म्हटलं, "बाबा, चष्मा?" तर म्हणे, रंगाने खराब होतो. बरं!

१० एप्रिल
आज फजिती झाली. बोटीच्या बुडाशी पंख्याजवळ जस्ताच्या वड्या असतात. खारं पाणी पंख्याऐवजी आधी त्यांना खातं, म्हणून त्या उघड्या ठेवायच्या. लग्नानंतर हे मला सासरेबुवांनीच शिकवलं. आणि त्यांनीच त्या वड्यांवर निळा रंग फासला! मी पाणी आणायला गेले तेवढ्यात तो खरवडायला गेले, तर ताडपत्रीबाहेर चुराही सांडला. बाई ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. "काका, रविवारपर्यंत नीट करा. नाहीतर आमची माणसं लावावी लागतील."
परतताना गाडीत सासरेबुवा म्हणाले — "मला नीट दिसत नाही गं. वर्ष झालं."
वर्षभर लपवलं! संताप आला, रडूही आलं. "सांगितलं असतं तर तुम्ही मला समुद्रावर जाऊ दिलं असतं का?" नसतंच दिलं.

११ एप्रिल
मोतीबिंदू! डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशननंतर छान दिसेल. जीव भांड्यात पडला. पण ऑपरेशन पुढच्या महिन्यात, आणि रविवार परवावर आलाय. घरी येताच म्हणाले, "विकू या." मी कडकडून भांडले. म्हटलं, माझाही जीव आहे तिच्यात, मला कुणी विचारलंय का?

१२ एप्रिल
सासरेबुवा आणि नवरा सकाळपासून बाहेर. विचारलं तर — "कागदांचं काम होतं." बापलेक दोघेही घुमे!

१३ एप्रिल, रविवार
गेटवर बाई म्हणाल्या, "काका, मालक तुम्हीच ना? मग घासणार तुम्हीच."
सासरेबुवांनी माझ्या हातातली बादली घेतली.
"मालकीण ही. कालपासून. मी मदतनीस."