रविवारच्या तारखेचं चाक

८ जुलै

डोलोरेसला फोन केला. गुडघा कसा? — कुरकुरतो. बहिणीची साखर? — उतरली. मांजर? — "ते आपल्या सगळ्यांना पोचवून मगच जाईल!" हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली.

तिच्या नवऱ्याला, कॅझला, जाऊन वर्ष झालं. त्याची सत्तर सालची गाडी तिनं त्याच्या नावानं लॅन्सिंगला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात नेली होती. परीक्षकानं पुढच्या चाकावरचा ठसा वाचला. म्हणाला, "बाई, हे चाक बनावट आहे." सगळ्यांदेखत! आता जुने दोस्तही कुजबुजतात — कॅझनं फसवलं. ज्यानं कोरी घेतलेली गाडी मरेपर्यंत लेकरासारखी पुसली, त्यानं!

९ जुलै

गेलो बघायला. तिनं कॉफी दिली, मी आधी जमिनीवर बसलो. (उठताना तिनं ओढलं, मी रेटलं.) हवा भरायच्या भोकाशेजारी ठसा असतो. गंज पुसला, खडू घासला. दोन अक्षरं — याच गाडीची, याच इंजिनाची. मग ० २ १५. म्हणजे सत्तर साल, फेब्रुवारी, पंधरा तारीख. गाडी जोडली गेली मार्चमध्ये. सगळं बरोबर!

"मग अडलं कुठं?"

"त्या दिवशी रविवार होता, ऑर्व्हिल. रविवारी चाकांचा कारखाना बंद असायचा म्हणे."

माझा हात चाकावरच राहिला. त्या कारखान्यात रोज सकाळी ठशाचे आकडे बदलणारा मीच होतो.

कॉफी संपवली आणि घरी निघून आलो. भित्रा कुठला!

१० जुलै

ताट तसंच सरकवलं. बायको, विल्मा, म्हणाली, "काय म्हातारबा, ताटाशी भांडण झालंय का?"

११ जुलै

प्रदर्शनवाल्यांना पत्र टाकलं. सोमवारी, सोळा तारखेला, मी चुकून पंधराचा आकडा बसवला. मुकादमाच्या लक्षात येईपर्यंत दुपार झाली. तोवरची सगळी चाकं तशीच बाहेर पडली. कॅझचा काडीचा दोष नाही. खाली सही, आणि कामगार म्हणून माझा जुना नंबर.

२१ जुलै

डोलोरेसचा फोन — ओरडतच होती! त्यांनी माझं पत्र त्यांच्या मासिकात छापलं. कॅन्ससहून एकाचं आणि ओहायोहून एकाचं उत्तर आलं. दोघांकडेही रविवारचं चाक! लाजेनं गोठ्यात दडवून ठेवलेलं. परीक्षक स्वतः तिच्या दारात आला, टोपी हातात घेऊन. माफी मागितली. कॅझचं नाव धुऊन निघालं.

मग डोलोरेसनं मला झापलं. "गाढवा, आकडा बसवताना लक्ष कुठं होतं तुझं?"

"बावीस वर्षांचा होतो गं," म्हटलं. हसण्यावारी नेलं.

२२ जुलै

चुकलो नव्हतो. सोळा तारीख आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

आमची लेक रोझली त्या रविवारी, पंधरा तारखेला, पहाटे जन्मली, संध्याकाळी गेली. विल्मा दवाखान्यात, घर खायला उठलेलं — म्हणून सोमवारी कामावर गेलो. सोळाचा आकडा हातात घेतला आणि खाली ठेवला. तिचा पंधराच बसवला.

आज विल्माला सांगितलं. पंचावन्न वर्षांनी! मग म्हणाली, "किती चाकं झाली असतील रे?"

"पाचशे तरी."

कागद तिनंच आणला. कॅन्ससला आणि ओहायोला लिहिलं — ठशावर कागद धरा, वरून पेन्सिल घासा आणि तेवढं आम्हाला पाठवा. खाली विल्मानं आपल्या हातानं घातलं: लवकर धाडा, आम्ही दोघं थकलोय.