दोन्ही चपलांचा आवाज

बारामती, मंगळवार

प्रिय हिंदुराव,

फोनवर मी नुसता मोठेपणाच करतो, म्हणून कागद घेतलाय. पद्माला वाटतंय, वर्कशॉपचं कोटेशन लिहितोय.

दुर्बिणीतून मणक्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले. शुद्धीवर आलो तेव्हाच मांडीतून पोटरीपर्यंत जाणारी कळ गेली होती. तिसऱ्या आठवड्यात भिगवणला येऊन तुझ्या मासळीच्या वजनकाट्यापाशी चालून दाखवलं, पोरासारखा झालो बघ म्हणालो. ते खरंच होतं, पायापुरतं.

कंबर मात्र दुखतेय. आधीपेक्षा कमी की जास्त, तेही कळत नाही. आधी पायाचा आरडाओरडाच एवढा होता की कंबरेचं ऐकूच येत नव्हतं. डॉक्टर म्हणतात नस मोकळी आहे, एमआरआय चांगला आहे. मग दुखतंय काय? तीस वर्षं पंपाच्या मोटारीला स्क्रू ड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून बेअरिंग गेलंय की नाही सांगतोय मी. स्वतःचं काही ऐकू येईना.

त्यात एक गाढवपणा केलाय, पद्मालाही माहीत नाही. दुरुस्त केलेली मोटार लोड देऊन बघितल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला देत नाही. पाचव्या आठवड्यात स्वतःलाही लोड दिला. पाच हॉर्सची पाणबुडी मोटार एकट्यानं उचलून बाकावर ठेवली. त्यानं बिघडलं, की कंबरेचं दुखणं पहिल्यापासून वेगळंच होतं? विचारायचं तर आधी कबूल करावं लागेल. गुरुवारी डॉक्टरांपुढं करणार आहे.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी विचारलं होतं, पाय जास्त दुखतो की कंबर. मी म्हणालो, "साहेब, एकच हाय ते." त्यांनी पुन्हा विचारलं, मी हसण्यावारी नेलं.

काल तुझा फोन आला. माझं उदाहरण देऊन, हट्ट धरून येत्या सोमवारची ऑपरेशनची तारीख घेतलीस म्हणालास. बोलता बोलता खुर्चीतून उठताना कण्हलास, मग फरशीवर फेऱ्या मारत राहिलास. दोन्ही चपला सारख्या वाजत होत्या, हिंदुराव. माझी डावी ऑपरेशनआधी वर्षभर फरपटत होती. मी मोटारीचा माणूस, चुकतही असेन. पण सोमवारच्या आत डॉक्टरांपुढं बस, पाय की कंबर ते नीट सांग, आणि ऑपरेशननं त्यातलं काय जाणार ते विचार. माझ्याकडं बघून टेबलावर झोपू नकोस. वाटल्यास आधी इकडं ये. या वेळी चालून नाही, खुर्चीतून उठून दाखवतो.

तुझाच,
रघुनाथ