बारवेच्या पायऱ्या बंद करण्याबाबत

१२ मे १९३४
— आणि तांब्या तोंडाला लावला. तळापर्यंत. सायखेड्यापलीकडची सगळी वाडी बघत होती.
लेक्चर उत्तम झाले होते. बारवेला बत्तीस पायऱ्या. बायका शेवटच्या पायरीवर पाय धुतात, कोनाड्यातल्या देवीला हात जोडतात, मग घागर बुडवतात. मी सांगितले: नारूचा पाय पाण्यात गेला की त्यातून बारीक पिल्ले सुटतात. ती पाण्यातला किडा खातो, तो किडा आपण पितो. वर्षाने पायातून हातभर दोरा निघतो. म्हणून पायऱ्यांवर भिंत घाला, वर रहाट लावा.
पुंजाराम पाटील म्हणाले, "सायब, घसा सुकला आसंल. का आमचं पाणी चालत नाय?"
गाळायचे फडके बॅगेत. बॅग सायकलला. प्यालो. लोकांची मने अशीच जिंकतात. पाटील लगेच म्हणाले, "बघा, सायबानं पेलं. पाणी चांगलं हाय." सभा उठली.
एका तांब्याने काही होत नाही.

१४ मे
डॉक्टरसाहेबांना रिपोर्ट: गाव अनुकूल. भिंतीला तेवढा विरोध. साहेब म्हणाले, पुढच्या मेपर्यंत पायऱ्या बंद, नाहीतर सॅनिटरी इन्स्पेक्टरची, म्हणजे माझी, बदली सुरगाण्याच्या जंगलात. सौ.ने विचारले, तिथे मुलांना शाळा आहे का? मी हसलो.

३ जुलै
वाडीत पेरणी. नारूने अकराजण पडून. त्यांतल्या गोरक्षने खाट शेताच्या बांधावर आणवली आहे. तिथून तो बैलांना शिव्या देतो. पेरणीची पाभर त्याची बायको मैना धरते. ती म्हणाली, "बैल बरे. ते उलट बोलत नाय."
वाईट वाटले. उद्यापासून दर आठवड्याला लेक्चर.

१९ ऑगस्ट
रस्त्यात चिखल. लेक्चर दिवाळीनंतर.

६ जानेवारी १९३५
जिनीव्हाच्या राष्ट्रसंघासाठी अहवाल लिहायला घेतला. तिथे जगभरच्या साथींची नोंद ठेवतात. खेडूतांशी कसे बोलावे हे त्यांना कोणी सांगितले नसावे. तीन पाने झाली. नारू अजून आला नाही. पहिली तीन माझ्याविषयीच आहेत.

२० एप्रिल
डाव्या घोट्यावर फोड. नवे बूट.

२३ एप्रिल
जुने बूट घातले. फोड मोठा. सौ. म्हणाली, नारू असेल. तिला समजावले, नारू खेड्यात होतो. आपण पाणी उकळून पितो. ती म्हणाली, "घरात." तिला सायन्सची आवड नाही.

२८ एप्रिल
आग आग होते. उन्हाळाच कडक आहे.

४ मे, सायंकाळ
मुदत संपत आली म्हणून वाडीला गेलो. एका पायाने सायकल. दुसऱ्या पायात निखारा. बारवेत चिटपाखरू नव्हते. विचार केला, पाय बुडवायचा नाही, नुसता टेकवायचा. क्षणभर. आणि हा नारू नव्हेच. बूट काढला. पाणी चार बोटांवर होते.
मागून कोणीतरी कॉलर धरली.
नवसाबाई. वाडीतल्यांचे नारू तीच काडीवर गुंडाळून काढते. "मुडद्या, पाय भायेर घे! तुझा नारू गावाला पाजतो का?"
बत्तीस पायऱ्या तिने मला ओढत वर आणले. ओरडा ऐकून सगळे जमले. माझा पाय वर धरून तिने सांगितले: पिल्ले, किडा, पाणी, वर्ष. एकही मुद्दा सुटला नाही. क्रमसुद्धा माझाच. म्हणजे लेक्चर पोचले होते!
गोरक्ष म्हणाला, "सायब, खाटंवरनं बैल हाणायला शिकून घ्या. आता येळ हाय."
पुंजाराम पाटलांनी वाकून माझा पाय निरखला. मग म्हणाले, "ह्यो शिकलेला माणूस. सारं ह्येलाच ठावं. तरी पाय बुडवाया निघाला. मंग आपल्या पोराटोरांचा काय भरवसा? भिंतच घाला."
एकही हात खाली राहिला नाही. सुरगाणे टळले. प्रात्यक्षिकाची ही पद्धत जिनीव्हाला कळवली पाहिजे.

५ मे
सकाळी गवंडी आले. भिंत सुरू झाली. मी पाटलांच्या ओट्यावर, खाटेवर. नवसाबाईने दोरा काडीवर दोन बोटे गुंडाळला. रोज दोनच बोटे. जास्त ओढला तर तुटतो. शेजारच्या गावचे लोक बायकापोरांसह पाय बघायला आले. मी उठून बसलो आणि घसा साफ केला. नवसाबाई म्हणाली, "तू गप पड. हलशील. मी सांगते."
तिने सांगितले.